एका गाठीला दोन वायरी

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी गावावरून चुलतभावाचा फोन आला, "दादा, भंगारवाला आलाय, खोपटातल्या प्रेसचे सत्तावीस रुपये किलोने देतो म्हणतोय, साडेआठशे किलो तरी भरेल, देऊन टाकू का?" मी कळवा स्टेशनला उभा, समोरून लोकल शिरत होती, त्या गोंगाटात एवढंच ओरडलो की थांब, मी रविवारी येतो. का थांबवलं ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. संध्याकाळी बायकोने विचारलं तर म्हटलं, बावीस-तेवीस हजारांसाठी आजोबांची वस्तू कशाला विकायची. ती म्हणाली, आजोबांच्या वस्तूवर पस्तीस वर्षं कोंबड्या बसतायत. मुद्दा बिनतोड होता.

तर प्रेस म्हणजे छापखान्यातला नाही, गवताचा प्रेस. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे किंवा पलीकडे वाड्याला ज्यांचं गाव आहे त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सुकलेलं गवत लोखंडी पेटीत दाबून त्याची चौकोनी गाठ करायची, ती वायरीने आवळायची आणि मग विटा रचाव्यात तशी ट्रकमध्ये रचायची. यूट्यूबवर ट्रॅक्टरमागे चालणारे बेलर दिसतात ना, शेतातून फिरत गवत उचलतात, आतल्या आत दोरा बांधतात आणि मागून गाठ टाकत जातात, ते त्यातले शहाणे. अमेरिकेत न्यू हॉलंडने १९४० च्या सुमारास तसला बेलर बाजारात आणला, मग वायरीचेही आले, वायरीच्या मशीनला तर वायर पिळून कापणारी अख्खी यंत्रणा आत असते. आमचा प्रेस त्याच्या आधीच्या पिढीतला. तो एका जागी बसून राहणार, इंजिनवरून पट्टा लावायचा, गवत त्याच्यापर्यंत आपण न्यायचं आणि वायर दोन माणसांनी दोन बाजूंना उभं राहून हाताने बांधायची.

आमच्याकडे भाताची खाचरं थोडी आणि वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, जास्त. वरकसवर नाचणी-वरी होते, नाहीतर नुसतं गवत. पाऊस उघडला की कमरेएवढं उभं असतं, दिवाळीच्या पुढेमागे कापायला घ्यायचं, आणि पूर्वी गिऱ्हाईक ठरलेलं असायचं, मुंबईचे तबेले. १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी झाली, शहरात गल्लीबोळात बांधलेल्या म्हशी तिकडे हलवल्या, तीसेक युनिटं आणि हजारो म्हशी, शिवाय बाकी उपनगरातले खाजगी तबेले वेगळेच. एवढ्या जनावरांना रोज सुकं लागणार आणि मुंबईत गवत उगवणार कुठे. सुटं गवत भरलं तर ट्रक डोंगराएवढा दिसतो आणि काट्यावर गेला की काहीच भरत नाही, म्हणून प्रेस. आजोबांची सरळगावच्या अलीकडे रस्त्याला लागून वखार होती, हंगामात पंधरा-वीस माणसं कामाला असायची म्हणे. ती बंद झाली तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. धंदा बसला असं घरात सांगायचे, आणि मीही तेच धरून चाललो होतो.

रविवारी गेलो. जायचं म्हणजे कळव्यावरून मुंब्रा बायपास, शिळफाटा, कल्याण, शहाड, आणि म्हारळच्या पुढे गेलं की जरा श्वास येतो. रायत्याच्या पुलावर उल्हास भरून वाहत होती. खोपटात शिरलो तर वरून कौलं गळालेली, प्रेसच्या पेटीत उंदरांनी अख्खी वसाहत केलेली, गवत-चिंध्या-कागद, एका कोपऱ्यात कुठल्या तरी मुलीची शाळेची रिबन. फ्लायव्हीलला दोन्ही हातांनी लोंबकळलो, ढिम्म. काका बाहेर बाजेवर बसून बघत होते. वय अठ्ठ्याहत्तर, आमच्या घरात तो प्रेस चालवलेले आता ते एकटेच उरलेत. मी विचारलं, "काका, चालू होईल का हा?" तर म्हणाले, "कशाला?" आणि तोंड फिरवून बसले. मला वाटलं म्हातारं माणूस आहे, कंटाळलं असेल.

कशाला, ते खरं तर माझ्याकडे होतं. चुलतभावाकडे तीन म्हशी आणि एक गाय. एका जनावराला हिरव्याच्या जोडीला दिवसाला पाच-सहा किलो सुकं लागतं, म्हणजे चौघांचं पंचवीस किलोच्या आत-बाहेर. आमच्याच वरकसवर गवत उभं राहून जळून जातं, किंवा कोणतरी वणवा लावतो, आणि मे महिन्यात हा विकत वैरण आणतो. कारण काय, तर ठेवायला जागा नाही आणि सुटं गवत पहिल्या वळवाच्या पावसात भिजून काळं पडतं. नवा छोटा बेलर घ्यायचा तर सबसिडी धरूनही लाखांत, आणि ट्रॅक्टर आपला नाही. हे सगळं मी शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बायकोला पटवून दिलं. तिने एकच विचारलं, "तुला खरंच म्हशींची काळजी आहे की मशीन उघडायचंय?" मी रबाळ्याला मेंटेनन्समध्ये आहे. उत्तर तिला माहीत होतं.

मग सुरू झाले रविवार. दट्ट्या, म्हणजे गवत दाबणारा प्लंजर, पेटीत पार जाम झालेला. अर्धं डिझेल आणि अर्धं जळकं इंजिन ऑइल कालवून फटीफटीतून सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. दुसऱ्या रविवारी परत. तिसऱ्या रविवारी फ्लायव्हीलच्या आऱ्यांमध्ये साडेपाच फुटी वासा घातला आणि मी आणि चुलतभाऊ दोघांनी दाबलं, तर आतून 'कुर्र' असा बारीक आवाज आला आणि दट्ट्या बोटभर सरकला. बोटभरच. पण त्या दिवशी आम्ही दोघं जेवायला बसलो ते घासाघासाला हसत होतो. घण मारायचा मोह बाजूला ठेवला ते बरं केलं, कारण हे सगळं बिडाचं काम, बीड घणाला वाकत नाही, सरळ तडकतं.

खरं दुखणं पुढे निघालं. पिनियन, म्हणजे मोठ्या चक्राला फिरवणारं छोटं दातेरी चाक, त्याचे तेरा दात, त्यातले दोन गायब आणि एक अर्धा. मोठ्या चक्राच्या एका आऱ्याला केसाएवढी चीर. आधी कळेना, एवढ्या जाड दातांचं असं काय झालं असेल. मग फ्लायव्हीलची शिअर पिन काढली तेव्हा कळलं. तिथे मऊ लोखंडाची पिन असते, घरातला फ्यूज असतो तशी, पेटीत दगड आला, लाकूड आलं, जास्त गवत कोंबलं, की ती पिन तुटते आणि बाकी मशीन वाचतं. कुणीतरी सारखी पिन तुटते म्हणून वैतागून तिथे ८.८ चा टणक बोल्ट मारला होता. बोल्ट आजही ठणठणीत, दात गेले. आमच्या कंपनीतही असले महाभाग आहेत, फ्यूज उडतो म्हणून तांब्याची जाड तार लावणारे, त्यामुळे मला रागापेक्षा ओळखीचं वाटलं.

पिनियन आणि चक्र टेम्पोत घालून ठाण्याला वागळे इस्टेटला आणलं. तिथे एक मिस्त्री आहेत, माझी जुनी ओळख, त्यांच्या गाळ्यात अजून पट्ट्यावरचा लेथ आहे आणि ते त्याला 'म्हातारी' म्हणतात. पिनियनचे दात वेल्डिंगने भरून द्याल का असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. ईएन-८ पोलादात नवीनच कापलं. चक्राची चीर मात्र ब्रेझिंगने भरली, आणि ते काम मी उभं राहून पाहिलं. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळू नये. मग ग्राइंडरने तिचा व्ही केला, अख्खं चक्र कोळशावर तापवलं, पितळी रॉड भरला, आणि गरम असतानाच राखेच्या ढिगात पुरून टाकलं. वर गोणपाट. म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, लवकर थंड झालं की शेजारून दुसरी चीर जाते. मला दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, तरी जाता जाता गाळ्यात डोकावलोच, तर राखेवर हात ठेवून म्हणतात, "अजून अंग गरम आहे पोरीचं."

बुश बदलले, ग्रीस कप नवे बसवले, रेड ऑक्साईड मारला, ते सांगत बसत नाही, ते कुणीही करतं. ठोकळ्यांचं मात्र सांगायला हवं, कारण ते नसतील तर हा प्रेस नुसता कुटणारा हातोडा आहे. होतं असं की दट्ट्या मागेपुढे करतो, वरून गवत पडत जातं, आणि दाबलेलं गवत लांबड्या पेटीतून पुढे सरकत राहतं, ते परत मागे फुगू नये म्हणून बाजूला स्प्रिंगचे खटके असतात. ही सगळी एकच सलग लादी असते, तिची गाठ कुठे संपते ते मशीनला कळत नाही. गाठीएवढी लांबी झाली की वरून एक लाकडी ठोकळा टाकायचा, तो दोन गाठींच्या मध्ये दाबला जाऊन पुढे सरकतो, आणि त्याच्या तोंडावर आडव्या खाचा असतात. एका बाजूचा माणूस खाचेतून वायर पलीकडे ढकलतो, पलीकडचा ती घेतो, गाठीच्या बाजूने आणून मागच्या ठोकळ्याच्या खाचेतून परत पाठवतो, आणि अलीकडचा वायरीच्या टोकाला केलेल्या डोळ्यात ओवून पिळतो. गाठ बाहेर पडली की ठोकळा खाली पडतो, तो उचलून परत वर. जुने ठोकळे केव्हाच चुलीत गेले होते. गावातल्या सुताराकडून ऐनाच्या लाकडाचे चार करून घेतले, त्याने खाचा उभ्या पाडल्या, परत केले. ह्यात दोष माझा, मी कागदावर चित्र उभं धरून दाखवलं होतं.

इंजिन घरचंच, लिस्टर टाईप, ६ हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम, पूर्वी ओढ्यावर पाण्याला होतं. त्याच्यावर होती ती अठरा इंची पुली तशीच ठेवून पट्टा लावला आणि मुठीने फिरवून चालू केलं. बाप रे. प्रेसची पुली छत्तीस इंची, म्हणजे ३२५ फेरे, पुढे गिअर तेराला अठ्ठावन्न, हिशेब केला तर मिनिटाला त्र्याहत्तर ठोके. ट्रॅक्टरच्या बेलरला ते चालतं कारण तिथे बांधणारं मशीन असतं. इथे वायर खाचेत घालेपर्यंत तीन ठोके झालेले असायचे, खोपटाची कौलं नाचत होती, कुत्रं पळून गेलं ते रात्रीच आलं. काका बाजेवरून पहिल्यांदा काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग दहा इंची पुली आणली, चाळीस ठोके, आता माणसाच्या हाताच्या चालीने चालतं. पट्ट्याला जाळी लावली, आणि वर गवत टाकायच्या तोंडाला असा कठडा केला की कुणाचा हात दट्ट्यापर्यंत पोचणारच नाही, दाताळ्यानेच ढकलायचं. पूर्वीच्या लोकांनी हाताने ढकललं आणि कितीकांची बोटं गेली, मला गावात तसे दोघे आठवतात. घरच्या सगळ्यांना एकच नियम सांगितलाय, अडकलं की आधी इंजिन बंद, मग फ्लायव्हील थांबेपर्यंत उभं राहायचं, आणि ते थांबायला पुष्कळ वेळ घेतं.

आता वायर. इथेच माझी शिक्षणाची मस्ती उतरली.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कुंपणाची गॅल्व्हनाइज्ड वायर आणली, चकचकीत, गंजणार नाही म्हणून. पहिली गाठ बांधली, पेटीतून बाहेर आली, जरा फुगली आणि 'टण्ण' करून वायर पिळाच्या मुळाशी तुटली. दुसरी तशीच. तुटलेलं टोक चुलतभावाच्या कानाजवळून गेलं. म्हटलं कडक आहे, मऊ आणू, म्हणून स्लॅबच्या सळ्या बांधायची बायंडिंग वायर दुहेरी करून लावली, ती आधी ताणली, गाठ डब्यातल्या फुगलेल्या पुरीसारखी झाली, मग सुटली. असे दोन रविवार गेले. तिसऱ्या वेळी काका उठले, काठी टेकत आले, वायरीचं टोक दोन बोटांत धरून वाकवलं, सोडलं, आणि म्हणाले, "ही उलटी उसळते. भाजलेली काळी तार आण. चौदा नंबर. वाकवली की वाकलेलीच राहिली पाहिजे."

तेवढंच. पण त्यात सगळं आलं. गाठ पेटीत असते तेव्हा वायर सैलच असते, बाहेर पडताना गवत फुगतं आणि वायर ताणली जाते, आणि सगळा जोर येतो पिळावर. कडक वायर पीळ देतानाच अर्धी मेलेली असते. भाजलेली मऊ असते, दोन मिलिमीटर जाडीची असल्याने ताणही सहन करते. एका वायरीला साडेनऊ फूट लागतात, वजन पाऊणशे ग्रॅम, एका गाठीला दोन. सुतळी का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. सुतळी हाताने बांधताना ताण राहत नाही, उंदीर कुरतडतात, पावसाळ्यात कुजते. प्लास्टिकची दोरी जनावराच्या पोटात गेली की वेगळाच घोळ. हा प्रेस वायरीसाठीच घडवलाय, मान्य करून टाकलं.

पीळ कसा द्यायचा ते काकांनी दाखवलं. एका टोकाला आधीच डोळा करून ठेवलेला असतो, दुसरं टोक त्यात ओवायचं, ओढून घ्यायचं, मागे दुमडायचं आणि स्वतःभोवती चार-पाच वेढे. मी यूट्यूबवर पाहिलं होतं, पण काकांचा हात वेगळाच फिरायचा, मला कितीदा तरी कळेना, मग लक्षात आलं, काका डावखुरे. आमचे सगळ्यांचे वेढे उजवीकडे चढतात, त्यांचे डावीकडे. पंधरा सेकंदांत गाठ बांधून मोकळे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि वायरीवर कुठे वण नाही. मी आपला पक्कड घेऊन झटतोय.

पीळ झाला की टोक दोन-तीन इंच उरतं. मी सवयीने पक्कड लावली, उरलेलं कापून टाकायला, नीटनेटकं दिसावं म्हणून. काकांनी माझं मनगट धरलं. अजून एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "कापायचं नाय. आत दुमड." बस्स. आणि जाऊन परत बाजेवर.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो तेव्हा आपणहून बोलले. वखार धंदा बसला म्हणून बंद झाली नव्हती, धंदा अजून चार-पाच वर्षं आरामात चालला असता. वखारीत तेव्हा काका बांधायचे, दिवसाला शंभर-शंभर गाठी, आणि उरलेली टोकं पक्कडीने कट्‌ कट्‌ कापत जायचे, पेटीच्या वरच, खाली जे पडलं ते गवतात. घरची एक म्हैस होती, चांदी, दहा लिटरची. एकदा दूध आटलं, खाईना, कोपरं बाहेर काढून पाठ वर करून उभी राहायला लागली, उतारावर चालायला बघेना. मग गळ्याखाली सूज उतरली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळं केलं, आठ दिवसांत गेली. डॉक्टरांनी फाडून दाखवलं, पोटाच्या पुढच्या कप्प्यातून दोन इंचाची वायर आरपार निघून काळजाच्या पिशवीत घुसली होती. एका टोकाला पिळाचा अर्धा वेढा तसाच होता.

"पीळ डावा होता," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी प्रेसला हात लावला नाही आणि दोन हंगामांत आजोबांनी वखार आवरली. हे घरात कुणी बोलायचं नाही. चुलतभावालाही, त्यांच्या सख्ख्या मुलाला, हे त्या रात्रीच कळलं.

मी नंतर आमच्या भागातल्या व्हेटरनरी डॉक्टरांना विचारलं. गाय-म्हैस जिभेने ओढून घेते आणि न चावताच गिळते, रवंथ नंतर, त्यामुळे घासातला खिळा-तार तिला कळत नाही. जड वस्तू जाळीदार पोटात जाऊन बसते, ते पोट आकुंचन पावताना टोक भिंतीतून पुढे सरकतं, आणि तिथून काळीज चार बोटांवर असतं. त्यांनी एक उपाय सांगितला, जनावराला बोटाएवढं लोहचुंबक गिळायला देतात, ते त्याच पोटात जन्मभर बसून राहतं आणि गिळलेलं लोखंड धरून ठेवतं. चौघांनाही दिलंय. चुलतभावाची बायको म्हणाली, आता ह्या फ्रीजला चिकटतील.

पण चुंबकावर भरवसा ठेवून मोकळं व्हायचं नाही असं ठरलं. टोक कापायचं नाही, आत दुमडायचं. वायर तोडायचं काम प्रेसपासून लांब, खळ्यात, ताडपत्रीवर, नऊ-साडेनऊ फुटांचे तुकडे आधीच मोजून. गाठ उघडताना पिळाच्या समोरच्या बाजूला एकदाच कापायची आणि पिळाकडून धरून अख्खी ओढून काढायची. आणि काढलेल्या दोन्ही वायरी गोठ्याच्या दारातल्या खुंटीवर. खुंटीशेजारच्या भिंतीवर वहिनीबाई, म्हणजे चुलतभावाची बायकोच, खडूने रोज आकडा टाकते. दिवसाला एक गाठ, एका गाठीला दोन वायरी. रविवारी चौदा मोजायच्या, मग गठ्ठा करून पत्र्याच्या डब्यात. ह्या कामात ती आमच्या स्टोअरवाल्यापेक्षा कडक आहे.

हंगाम बरा गेला. गवत कापून दोन-तीन उन्हं दिली, कुसळं धरायच्या आधी कापायचं असं काकांनी बजावलं होतं, आम्हाला आठवडा उशीर झाला आणि मी तीन रविवार ठाण्याला परत येऊन मोज्यांतली कुसळं उपटत बसलो. ओलं गवत दाबलं तर गाठ आतून तापते, बुरशी धरते, फारच ओलं असेल तर पेटही घेते, आणि हाताला वरून कोरडंच लागतं. मीटर घ्यायचा होता, तेवढ्यात मीठ-बाटलीची युक्ती मिळाली. कोरडं मीठ आणि मूठभर कापलेलं गवत काचेच्या बाटलीत घालून दोन मिनिटं हलवायचं, मिठाचे गोळे झाले की अजून एक ऊन. गाठी झाल्या एकशे नव्वद, पंचवीस किलोच्या आसपासच्या, माळ्यावर एका कोपऱ्यात मावल्या. त्यातल्या पहिल्या अकरा बघवत नाहीत. खर्च सगळा धरून चौतीस हजार. बायको ह्यात न मिळालेले तेवीस हजार मिळवते आणि सत्तावन्न म्हणते.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेनंतर गाठी फोडायला सुरुवात केली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी पोचलो तर अंगणात कुणी नाही, सगळे गोठ्यात. खुंटीवर तेरा वायरी. भिंतीवर चौदा. तिने तीनदा मोजल्या, मी दोनदा. जनावरं बाहेर काढली, गव्हाण रिकामी केली, उरलेली अर्धी गाठ ताडपत्रीवर काडी-काडी मोकळी केली. मी जुन्या स्पीकरचं चुंबक काढून दोरीला बांधलं आणि गव्हाणीतून, मग शेणाच्या ढिगातून ओढत फिरलो, एक खिळा, ब्लेडचा तुकडा आणि एक रुपयाचं नाणं मिळालं. वायर नाही. साडेनऊ फुटांची अख्खी वायर म्हैस गिळणार नाही हे मला कळत होतं, पण कुणी तुकडे केले असतील तर, हे कुणी बोलत नव्हतं. दुपारचे दोन वाजले. जेवण नाही. काका बाजेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले, त्यांना उठवायला कुणाची हिंमत नव्हती.

तेवढ्यात चुलतभावाचा धाकटा, सहा वर्षांचा, रस्त्यावरून पळत आला. हातात गाडी. सायकलच्या ट्यूबचं छोटं चाक, त्याला लांब दांडा, वर गोल स्टिअरिंग, आमच्या लहानपणी असायची तशी, सगळी काळ्या तारेची. आईने त्याचा दंड धरला, कुठून घेतलीस, कुणी दिली. तो गप्प. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि स्टिअरिंग दांड्याला जिथे बांधलं होतं ते पाहिलं. चार वेढे, एकसारखे, टोक आत दुमडलेलं.

वेढे डावीकडे चढत होते.

मी बाजेकडे पाहिलं. काका झोपलेलेच होते, फक्त जरा जास्तच गाढ. चुलतभावाच्या बायकोने काही न बोलता खडू घेतला आणि भिंतीवर चौदाच्या पुढे लिहिलं, '१३, १ गाडीला'.